पडवीतील रोपांस दिवा कोणता द्यावा?

घटस्थापनेच्या दिवशी शेतातील काळी माती आणून ती देवघरात घटाभोवती पसरतात आणि तीत गहू, ज्वारी, हरभरा असे धान्य पेरतात. नऊ दिवसांत कोंब वीत-दीड वीत उंच होतात व दसऱ्यास घरची माणसे ते टोपीत किंवा पागोट्यात खोवतात. हे कोंब शेतातील पिकासारखे हिरवेगार नसतात. ते फिकट पिवळे, लांब आणि नाजूक असतात. देवघराच्या कोपऱ्यात नंदादीपाखेरीज दुसरा उजेड नसल्यामुळे कोंबाने आपली सारी शक्ती उंच होऊन उजेड गाठण्यात खर्च केलेली असते. ही शक्तीदेखील त्याने स्वतः मिळविलेली नसते. ती दाण्यातील शिदोरी असते. गव्हाचा किंवा ज्वारीचा दाणा मोठा असल्याने ही शिदोरी नऊ दिवस पुरते.

टोमॅटोचे बी सुमारे तीन मिलिग्रॅम वजनाचे असते. त्याची शिदोरी दोन बीजपत्रे उघडेपर्यंतच संपत येते. त्यानंतर रोपाने आपले अन्न स्वतः तयार करावयाचे असते व त्यास उजेड पाहिजे. तो न मिळाल्यास बीजपत्रांखालची दांडी दोऱ्यासारखी लांबते, रोप एका बाजूस कलते आणि पहिल्या पाण्याने आडवे होते. एकदा लांबलेली दांडी मागाहून कितीही उजेड दिला तरी आखूड होत नाही. म्हणून घरात रोपे वाढवू पाहणाऱ्याने दिव्याचा विचार बी पेरण्यापूर्वी करावयास हवा.

अलीकडे पावसाळ्याच्या तोंडाशी प्रो-ट्रेमधील रोपे पडवीत, गोठ्याच्या माळ्यावर किंवा रिकाम्या खोलीत ठेवण्याची पद्धत बऱ्याच गावांतून दिसते. मुसळधार पावसाने कोकोपीट वाहून जाऊ नये, रोपे कोलमडू नयेत, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु छप्पर आले की उजेड गेला, आणि तो किती गेला याचा अंदाज बहुतेकांना येत नाही. या बाबतीत प्रस्तुत लेखकाकडून घडलेली चूक येथे नमूद करणे उपयुक्त ठरेल.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात एका बागाईतदारांनी टोमॅटोच्या संकरित बियाण्याच्या दोन पुड्या आणल्या होत्या. दहा ग्रॅमच्या एका पुडीत सुमारे तीन हजार बिया असतात, म्हणजे रोपे सहा हजारांच्या घरात होती. पाऊस लागून राहिल्याने त्यांनी ट्रे पडवीत घेतले व पुढे काय करावे असे विचारले. दोन ट्यूब लावून रात्रंदिवस चालू ठेवाव्यात, असा सल्ला मी उभ्याउभ्याच देऊन टाकला. त्यांनी तो तंतोतंत पाळला. आठव्या दिवशी गेलो तेव्हा निम्म्याहून अधिक रोपे ट्रेच्या कडेवरून खाली लोंबत होती. “साहेब, उजेड तर दिला होता,” एवढेच ते म्हणाले. ट्यूब नऊ फूट उंच आढ्यास टांगलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी प्रकाशमापक नेऊन पाहिले तर ट्रेवर दीडशे लक्सही भरत नव्हते. त्याच वेळी बाहेर अंगणात, आभाळ भरलेले आणि पाऊस चालू असतानाही, मापक आठ हजार दाखवीत होता. पडवीत वर्तमानपत्र सहज वाचता येत होते आणि त्यामुळेच आम्ही दोघेही फसलो.

माणसाचा डोळा अंधाराशी व उजेडाशी आपोआप जुळवून घेतो. त्यामुळे उजेडातील फार मोठा फरकही माणसास थोडाच भासतो. पानास अशी सोय नाही. निरभ्र दिवशी दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. पावसाळी ढगाळ दिवशी उघड्यावर तो साधारणतः दहा ते वीस हजारांवर येतो, तर अगदी दाट ढगांत पाच हजार किंवा त्याहूनही खाली जातो. खिडकीजवळ, ऊन आत येत नसल्यास, हजार-दोन हजार मिळतात. रात्री एका ट्यूबने उजळलेल्या खोलीत शंभर ते दोनशे. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी यांच्या रोपांस मात्र दिवसाचे चौदा ते सोळा तास निदान दहा हजार लक्सच्या आसपास उजेड मिळाला तर ती ठेंगणी व जाड दांड्याची होतात.

या आकड्यांवरून पहिली गोष्ट अशी निघते की, जेथे ट्रे उघड्या आभाळाखाली पारदर्शक प्लास्टिकच्या छताने झाकता येतात, तेथे दिव्याची मुळीच गरज नाही. बांबूच्या कमानींवर ताणलेला प्लास्टिकचा कागद पाऊस अडवितो आणि ढगाळ दिवसाचा उजेडही बहुतांशी आत येऊ देतो. तो उजेड फुकट असतो. आमच्या त्या बागाईतदारांस हाच सल्ला मिळावयास हवा होता. दिव्याचा विचार पुढील परिस्थितीत करावा: अंगणात जागा नाही किंवा वारा फार आहे, रोपे थोडी पण मोलाची आहेत, कलमे सावलीत सांधून मग हळूहळू उजेडात आणावयाची आहेत, किंवा शहरालगत केवळ एका खोलीत रोपांचा व्यवसाय करावयाचा आहे.

दिवा निवडताना

विजेच्या उजेडावर वनस्पती वाढविण्याची कल्पना नवी नाही. विल्यम सीमेन्स यांनी इंग्लंडमध्ये १८८० साली विजेच्या कमानदिव्याखाली रोपे वाढवून दाखविली होती. अडचण नेहमी खर्चाची व उष्णतेची होती. जुना तारेचा १०० वॉटचा बल्ब सुमारे तेराशे ल्यूमेन उजेड देतो. उरलेली बहुतेक वीज उष्णतेत जाते. तो रोपाजवळ आणावा तर पाने करपतात, दूर न्यावा तर उजेड पोचत नाही. शिवाय त्याच्या उजेडात निळा भाग अल्प व तांबड्यापलीकडचा भाग भरपूर असतो. दाट सावलीतही नेमका असाच उजेड असल्याने रोप आपण दुसऱ्या झाडाखाली सापडलो असे समजून उंच वाढू लागते. रोपांसाठी हा बल्ब वापरू नये. हॅलोजनचीही तीच गत.

काचेची पारा असलेली ट्यूब अनेक वर्षे रोपांसाठी उत्तम समजली जात असे व अजूनही ज्यांच्या घरी ती चालू आहे त्यांनी ती खुशाल वापरावी. मात्र टोके काळी पडलेली ट्यूब डोळ्यास चांगली भासली तरी तिचा उजेड पुष्कळ घटलेला असतो. नवी खरेदी करताना या ट्यूबच्या वाटेस जाऊ नये. पाऱ्याच्या वापराविषयीच्या मिनामाटा करारात भारत सहभागी आहे. २०२३ साली जिनीव्हा येथील बैठकीत, सर्वसाधारण प्रकाशासाठी वापरल्या जाणाऱ्या पारायुक्त ट्यूबचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत बंद करण्याचे ठरले आहे. फुटलेली ट्यूब ट्रेजवळ झाडून टाकू नये. तुकडे ओल्या कागदाने टिपून बंद डब्यात ठेवावेत.

सोडियमचा पिवळा दिवा हॉलंडसारख्या थंड देशांतील काचघरांत उंच पिकांवर वापरला गेला. तो तापतो, त्यास बरीच उंची लागते, आणि आपल्या खोलीतील मांडणीवर त्याचे काही काम नाही.

आज शेतकऱ्याने घ्यावा असा दिवा म्हणजे पांढरी एलईडी ट्यूब. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेमुळे एलईडी बल्ब खेडोपाडी ओळखीचा झालाच आहे. हा पांढरा उजेड मुळात निळ्या दिव्यातून निघतो व त्यावरील पिवळ्या लेपामुळे पांढरा होतो. निळा एलईडी तयार करणाऱ्या आकासाकी, आमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांस २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साधी चार फुटी २० वॉटची एलईडी ट्यूब सुमारे २,००० ल्यूमेन देते, फारशी तापत नाही, व विजेच्या कोणत्याही दुकानात मिळते.

खोक्यावर तीन आकडे पाहावेत. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो. ल्यूमेन म्हणजे तो किती उजेड देतो. आपण ल्यूमेनसाठी पैसे देत असतो, म्हणून एका वॉटमागे शंभर किंवा अधिक ल्यूमेन देणारा दिवा घ्यावा. तिसरा आकडा रंगछटेचा. २७०० म्हणजे पिवळसर, ४००० मध्यम, ६५०० निळसर पांढरा. निळ्या उजेडाने दांडी आखूड राहते, म्हणून केवळ रोपावस्थेसाठी ६५०० किंवा ४००० घ्यावा. या दोहोंत फार मोठा फरक पडत नाही. उजेडाची मात्रा कमी असेल तर कोणतीही छटा रोपास वाचवीत नाही.

जांभळ्या दिव्यांविषयी शेतकऱ्यांकडून वारंवार विचारणा होते. वनस्पती तांबडा व निळा उजेडच वापरतात आणि हिरवा वाया जातो, असे सांगून हे दिवे महाग विकले जातात. यात अर्धे सत्य आहे. मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ साली अनेक पिकांच्या पानांवरील मोजणी प्रसिद्ध केली. तीवरून हिरव्या उजेडाचाही पान चांगला उपयोग करून घेते हे दिसून आले. चांगल्या प्रतीचा तांबडा-निळा दिवा एका युनिट विजेत अधिक उपयोगी उजेड देऊ शकतो, हे खरे. परंतु जांभळ्या उजेडात पान काळपट दिसते. पिवळेपणा, मावा, नागअळीची नक्षी, खोडाशी सुरू झालेली कूज, यांपैकी काहीच वेळेवर ध्यानात येत नाही. रोपवाटिकेत दिवसातून दोनदा रोपे निरखणे हेच निम्मे काम असल्याने, माझ्या मते तेवढ्या एका कारणासाठीही पांढरा दिवा श्रेष्ठ ठरतो.

अशा दिव्यांवर छापलेल्या वॉटवरही भरवसा ठेवू नये. “१००० वॉट” असे लिहिलेला दिवा प्रत्यक्षात शंभर-सव्वाशे वॉटच घेतो, असे प्रकार आढळतात. खात्री करण्याचा उपाय घरातच आहे. विजेच्या मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि एका युनिटास तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवर छापलेले असते. समजा तो आकडा ३,२०० आहे. घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करून केवळ हा दिवा लावावा व लुकलुकणे मोजावे. १०० वॉटचा भार असल्यास ताशी ३२०, म्हणजे मिनिटास सुमारे पाच वेळा ते होईल. दिवा खरोखर हजार वॉट घेत असेल तर मिनिटास पन्नासहून अधिक वेळा व्हावयास हवे.

काही दिव्यांच्या माहितीपत्रकात लक्सऐवजी मायक्रोमोल हे माप असते. वनस्पतीच्या दृष्टीने तेच खरे माप होय, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी ठरविलेले आहे. पांढऱ्या एलईडीच्या लक्सला ७० ने व सूर्यप्रकाशाच्या लक्सला ५४ ने भागले म्हणजे स्थूल मानाने मायक्रोमोल मिळतात. रोपांस सेकंदाला दर चौरस मीटरवर दीडशे मायक्रोमोल मिळाले तर पुरे. जांभळ्या दिव्याखाली लक्स मोजण्यात काहीच अर्थ नाही, तो आकडा भलताच कमी येतो. मोबाइल फोनवरील लक्स मोजण्याची सोय नेमकी नसते. तरी एकाच फोनने दोन जागांची किंवा मांडणीच्या मध्याची व कडेची तुलना करावयास ती चालते.

एका फळीचा हिशेब

चार फूट लांब व पावणेदोन फूट रुंद फळीवर ९८ कप्प्यांचे चार ट्रे आडवे बसतात, म्हणजे ३९२ रोपे. फळीचे क्षेत्र ०.६५ चौरस मीटर भरते. दीडशे मायक्रोमोल म्हणजे साडेदहा हजार लक्स. त्याप्रमाणे फळीवर सुमारे सात हजार ल्यूमेन प्रत्यक्ष पडावयास हवेत. तीस टक्के उजेड इकडेतिकडे जातो असे धरल्यास दहा हजार ल्यूमेन, अर्थात २० वॉटच्या पाच ट्यूब लागतात. दोन किंवा तीन ट्यूबवर भागवू पाहणाऱ्यांची रोपे मरत नाहीत, पण लांबुडकी होतात.

पाच ट्यूबचे १०० वॉट रोज सोळा तास चालविल्यास १.६ युनिट वीज खर्च होते. एकवीस दिवसांत साडेतेहेतीस युनिट. विजेचा दर आठ रुपये धरला तर सुमारे २७० रुपये, म्हणजे रोपामागे सत्तर पैशांच्या जवळपास. आपल्या घरचा दर बिलावर पाहून हा हिशेब ज्याचा त्याने करावा. एका एकराची सहा हजार रोपे अशा रीतीने वाढवावयाची तर सोळा फळ्या लागतात व विजेचेच चार हजारांवर रुपये होतात. जवळच्या रोपवाटिकेतील तयार रोपाचा भाव याच्याशी ताडून पाहिल्यावर अनेकांचा बेत बदलेल, आणि तो बदललेलाच बरा.

ट्यूब रोपांच्या शेंड्यापासून सहा ते नऊ इंच अंतरावर असाव्यात. त्या साखळीने टांगाव्यात, म्हणजे रोपे वाढतील तसतशा वर उचलता येतात. अंतर वाढले की उजेड झपाट्याने कमी होतो. एकट्या बल्बच्या बाबतीत अंतर दुप्पट झाल्यास उजेड चौथाई राहतो. भिंतीस चुन्याची सफेदी द्यावी. फळीच्या दोन्ही बाजूंस जुन्या फ्लेक्सची पांढरी बाजू आत करून लावल्यास कडेच्या रोपांनाही मध्याइतका उजेड मिळतो. ट्रेंची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी आणि ट्यूबवरील धूळ आठवड्यास पुसावी.

पेरणी केल्यावर ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकतात. या काळात उजेड लागत नाही. टोमॅटोचे कोंब तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मिरचीचे त्याहून उशिरा वर येतात. सर्वाधिक नुकसान येथेच होते. कोंब दिसल्यावर ट्रे एक दिवस जरी झाकलेले राहिले, तरी दांडी दीड-दोन इंच लांबते. म्हणून तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ झाकण उचलून पाहावे व दहा टक्के कोंब वाकलेल्या मानेने डोकावू लागताच सर्व ट्रे दिव्याखाली मांडावेत.

अधिक तास उजेड दिला म्हणजे रोप अधिक वाढेल असे नाही. टोमॅटोस चोवीस तास अखंड उजेड सोसत नाही, त्याची पाने पिवळी पडतात. सहा ते आठ तासांचा अंधार त्यास द्यावाच. तो दिवसा द्यावा की रात्री, याचे रोपास सोयरसुतक नसते, तेव्हा वीजपुरवठ्याच्या वेळा पाहून दिव्याचे तास ठरवावेत. मध्ये तासभर वीज गेली तर बिघडत नाही, तेवढा वेळ पुढे वाढवून घ्यावा. कांद्याचे मात्र तसे नाही. कांद्याचा गड्डा धरणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते आणि आपल्याकडील जाती अकरा-बारा तासांच्या दिवसातच गड्डा धरणाऱ्या आहेत. त्यांच्या रोपांस सोळा तास उजेड दिल्यास कोवळ्या वयातच गाठ धरण्याचा धोका असतो. कांद्याचे रोप बाहेर वाफ्यावरच करावे.

येथे एक घोटाळा टाळणे अवश्य आहे. हरितगृहातील शेवंतीवर रात्री दिवे लावलेले पुष्कळांनी पाहिले असतील. ते दिवे अन्नासाठी नसतात. शेवंती लहान दिवसांत फुलते. मध्यरात्री उजेड दाखवून रात्र मोडली म्हणजे ती फुलावर न येता वाढत राहते. दिवस-रात्रीच्या लांबीचा फुलाशी असलेला हा संबंध गार्नर व ॲलार्ड यांनी अमेरिकेत १९२० साली प्रसिद्ध केला. तेथे शंभर लक्सच्या आसपासचा मंद तांबूस उजेडही पुरतो, कारण तो केवळ इशारा असतो. केळीच्या उतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेतही बाटल्यांवर दोन-तीन हजार लक्सच असतात, पण त्या रोपांस बाटलीतील साखर मिळत असते. मातीविना ट्रेमध्ये मक्याचा चारा उगवणारे आठ-दहा दिवसांत तो कापतात, तो घटाच्या कोंबाप्रमाणे दाण्यावरच वाढलेला असतो. यांपैकी कोणाचे पाहून आपल्या टोमॅटोचा दिवा ठरवू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट भेटीच्या वेळी आवर्जून समजावून द्यावी.

ओल्या जागेत वीज वापरावयाची असल्याने पुढील खबरदारी सोडू नये. वायरिंग परवानाधारक तारतंत्र्याकडून करून घ्यावे, अर्थिंग तपासून घ्यावे, व त्या जोडणीवर गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअर होताच वीज तोडणारा स्विच बसवावा. जोडपट्टी जमिनीवर ठेवू नये, ती ट्रेच्या वर भिंतीस लावावी. झारीने पाणी देण्यापूर्वी दिवे बंद करावेत. खोलीत हवा कोंडल्यास रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. एक लहान पंखा मंद वेगाने फिरता ठेवावा. वाऱ्याने हलणाऱ्या रोपाची दांडी जाडही होते.

चार-पाच खरी पाने आली म्हणजे रोपे एकदम शेतात नेऊ नयेत. दिव्याखालील दहा हजार लक्सची सवय असलेल्या पानावर लाख लक्सचे ऊन पडल्यास ते पांढरे पडते. पहिले दोन दिवस ट्रे झाडाच्या सावलीत, मग दोन दिवस सकाळचे ऊन, नंतर शेडनेटखाली दिवसभर, असे करीत आठवड्याने लागवड करावी व या काळात पाणी थोडे ओढून द्यावे. वर सांगितलेल्या बागाईतदारांनी पुढील वर्षी अंगणात बांबूच्या कमानी घातल्या. पडवीत त्यांनी एकच फळी ठेवली आहे व तीवर पाच ट्यूब, रोपांपासून वीतभर उंचीवर, टांगल्या आहेत. तेथे ते कलमी वांग्याची रोपे करतात आणि नव्याने येणाऱ्यास आधी मापक दाखवितात.